बाबांच्या अमायलॉइडसाठी जर्मेनियम? उंदरांवरच्या प्रयोगाचा कागद कसा वाचावा

जर्मेनियमची डबी आमच्या वाड्यावर दुकानातून येत नाही, जहाजावरून येते. घरातला कोणी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, जपानच्या बंदरात उतरतो आणि चवथीला घरी येताना बाबांच्या किडनीसाठी म्हणून पांढऱ्या पावडरीची डबी घेऊन येतो. डबीबरोबर मोबाइलवर एक पीडीएफ असते: उंदरांना सेंद्रिय जर्मेनियम दिलं, त्यांच्या प्लीहेतलं (पाणथरीतलं) अमायलॉइड, म्हणजे अवयवांत साचणारं बिघडलेलं प्रथिन, कमी झालं. ती पीडीएफ फिरत फिरत माझ्याकडे येते, कारण गोव्यात फोंड्याच्या एका लॅबमध्ये बायोप्सीच्या स्लाइड रंगवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. मी डॉक्टर नाही. औषध घ्या की घेऊ नका हे तुमचे नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, सांगतील. पण ‘अमायलॉइड कमी झालं’ असं कोणी लिहिलं, की ते कसं मोजलं हे विचारायचा हक्क मी सोडत नाही. ते कसं विचारायचं तेवढं इथे सांगते.

पीडीएफ उघडू नका. आधी घरातली फाइल उघडा आणि बायोप्सीचा रिपोर्ट शोधा. अमायलॉइड हा एक रोग नाही. शरीरातलं कुठलं तरी प्रथिन चुकीची घडी घालून धाग्यांसारखं साचत जातं, आणि ते प्रथिन कुठलं यावर सगळं अवलंबून असतं. एए प्रकारात ते सीरम अमायलॉइड ए नावाचं प्रथिन असतं. शरीरात दाह धुमसत राहिला की यकृत ते भरमसाट बनवतं. आपल्याकडे त्यामागे जुना क्षयरोग, वर्षानुवर्षं वाहणारं हाडाचं इन्फेक्शन, कुष्ठरोग, संधिवात असलं काहीतरी सापडतं. एएल प्रकारात दोष अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा, त्याची औषधं कॅन्सरच्या औषधांच्या घराण्यातली. एटीटीआरमध्ये ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन, तो प्रकार बहुधा हृदयावर किंवा मज्जातंतूंवर जातो. अल्झायमरच्या मेंदूतलं अमायलॉइड आणखी चौथंच. रिपोर्टवर नुसतं ‘अमायलॉइड’ लिहून थांबले असतील, तर प्रकार ठरवण्याची तपासणी झाली का, हे ओपीडीत विचारा. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात गेलात तरी विचारा, खाजगीत गेलात तरी विचारा. प्रकार माहीत नसताना उंदरांचा कागद वाचणं म्हणजे कुठल्या गावाला जायचं ते न ठरवता कदंबच्या बसमध्ये चढणं.

आता पीडीएफ. पहिल्यांदा शोधायचं ते उंदराचं अमायलॉइड. जुन्या प्रयोगांत फार करून एकच युक्ती असते: उंदराला कातडीखाली केसीनची, म्हणजे दुधातल्या प्रथिनाची, इंजेक्शनं रोज किंवा दिवसाआड काही आठवडे टोचत राहायचं. शरीर सतत दाहात राहतं, सीरम अमायलॉइड ए वाढतं, आणि प्लीहेत एए साचू लागतं. घाई असली तर चांदीच्या नायट्रेटचं इंजेक्शन आणि आधीच अमायलॉइड झालेल्या प्राण्याच्या अवयवातला अर्क एकत्र देतात, मग काम काही दिवसांत होतं. दुसरी युक्ती क्योतोतून आली. तोशिओ ताकेदा यांच्या गटाने लवकर म्हातारे होणारे उंदीर वाढवले, ‘सॅम’ नावाने ते ओळखले जातात. त्यांच्यातल्या काही वाणांत वयाबरोबर अमायलॉइड साचतं, पण ते एए नव्हे, अपोलिपोप्रोटीन ए-२ नावाच्या दुसऱ्याच प्रथिनाचं. घरातल्या माणसाचा रिपोर्ट एएल म्हणतो आणि पीडीएफमध्ये केसीनचा उंदीर आहे, तर तो कागद तुमच्या कामाचा नाही. प्रयोग चांगला झाला असेल, पण तो दुसऱ्या रोगावर झाला. निम्म्याहून जास्त पीडीएफ मी इथेच मिटते.

जुळलं, दोन्हीकडे एए आहे, असं धरू. मग पुढचा प्रश्न: कुठलं जर्मेनियम? हे मूलद्रव्य क्लेमेन्स विंकलर यांनी १८८६ मध्ये जर्मनीत शोधलं. १९४७ चा पहिला ट्रान्झिस्टर त्याचाच होता. शरीराला त्याची गरज आहे असं कोणी सिद्ध केलेलं नाही. बाजारात आणि प्रयोगशाळेत मात्र ते अनेक रूपांत फिरतं. जर्मेनियम डायऑक्साइड हे साधं, स्वस्त, असेंद्रिय रूप. जीई-१३२ हे सेंद्रिय सेस्क्विऑक्साइड, १९६० च्या दशकात जपानमध्ये काझुहिको असाई यांच्या प्रयत्नांतून तयार झालं, आणि ‘ऑरगॅनिक जर्मेनियम’ म्हणून विकलं जातं ते मुख्यतः हेच. प्रोपाजर्मेनियम त्याचंच भावंड, जपानमध्ये हिपॅटायटिस बी साठी औषध म्हणून मान्य झालं. लॅक्टेट-सायट्रेट हे आणखी एक. स्पायरोजर्मेनियम कॅन्सरवर माणसांत तपासून पाहिलं, मज्जासंस्थेवर त्याचा त्रास दिसला. एका रूपाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही. पीडीएफमधल्या पद्धतीच्या भागात रसायनाचं पूर्ण नाव, ते कुठून आणलं आणि किती शुद्ध होतं हे असायला हवं. ते वाचा आणि मग डबीचं लेबल वाचा. लेबलवर नुसतं ‘जर्मेनियम’ असेल तर प्रयोगातलं रसायन आणि डबीतली पावडर यांचं नातं कोणीही सांगू शकत नाही, मीही नाही.

आता माझ्या प्रांतात येते, म्हणून जरा बैजवार सांगते.

अमायलॉइड डोळ्यांना दाखवायचं तर काँगो रेड नावाचा रंग लागतो. स्लाइड रंगवली की साठा विटकरी-गुलाबी दिसतो, आणि सूक्ष्मदर्शकात पोलरायझर (एकाच दिशेची प्रकाशलहर जाऊ देणारी काच) फिरवला की तोच भाग सफरचंदी हिरवा चमकतो. ही हिरवी चमक म्हणजे पुरावा. नुसता गुलाबी रंग म्हणजे पुरावा नाही, कारण रंग जास्त बसला, नीट धुतला गेला नाही, तर शेजारचं कोलॅजनही गुलाबी दिसतं. ते पोलरायझरखाली पांढुरकं चमकतं, हिरवं नाही. फोटो पाहताना हे बघा: साध्या प्रकाशातला एक आणि पोलरायझरखालचा एक, अशी जोडी दिली आहे का? एकच गुलाबी फोटो असेल तर मी भुवई वर करते.

दुसरी गोष्ट सेक्शनची जाडी. रोजच्या कामाला आम्ही तीन-चार मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काढतो, काँगो रेडसाठी आठ ते दहा. पातळ कापात थोडं अमायलॉइड असेल तर ते नाहीसं झाल्यासारखं दिसतं. काप काढायच्या यंत्राचं, मायक्रोटोमचं, चाक फिरवताना हात हलला, पावसाळ्यात नमुन्याभोवतीचं पॅराफिन मेण नीट कापलं गेलं नाही, की काप सारखे येत नाहीत, हे गोव्यात काम केलेल्या कुठल्याही टेक्निशियनला विचारा. औषध घेतलेल्या उंदरांचे काप एका दिवशी आणि औषध न घेतलेल्यांचे दुसऱ्या दिवशी काढले, वेगवेगळ्या बॅचमध्ये रंगवले, तर फरक औषधाचा की हाताचा, कोण सांगणार? म्हणून कागदात जाडी लिहिली आहे का, सगळे एकत्र रंगवले का, प्रत्येक बॅचबरोबर नक्की अमायलॉइड असलेली कंट्रोल स्लाइड ठेवली होती का, हे शोधा.

तिसरं, गुण कोणी दिले. प्लीहेतल्या साठ्याला शून्य ते चार असे गुण द्यायची पद्धत आहे. दोन आणि तीन यांच्या मधली रेघ बघणाऱ्याच्या डोळ्यात असते. स्लाइडवर ‘जर्मेनियम’ लिहिलेलं दिसत असेल आणि निकाल चांगला यावा अशी मनात इच्छा असेल, तर तीन सहज दोन होतो. खोटेपणा नव्हे, माणूसपणा. त्यामुळे स्लाइडवर फक्त नंबर होते, गट कुठला ते तपासणाऱ्याला माहीत नव्हतं, असं एक वाक्य कागदात हवं. ते वाक्य नसेल तर आलेखातले खांब कितीही उंच-बुटके असोत, मला फार काही वाटत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांचा वृत्तांत कसा लिहावा याचे ‘अराइव्ह’ नावाचे नियम २०१० मध्ये आले, २०२० मध्ये सुधारले. त्याआधीच्या कागदांत असल्या गोष्टी लिहायची फारशी रीत नव्हती, म्हणून तारीखही पाहून ठेवा.

चौथं, किती उंदीर आणि कुठल्या पिंजऱ्यात. केसीनला सगळे उंदीर सारखे वश होत नाहीत. एकाच वाणातल्या एखाद्याची प्लीहा भरून जाते, शेजारच्याची कोरी राहते. गटात पाच-सहाच उंदीर असले तर दोन कोरे निघणं हा निव्वळ नशिबाचा भाग असू शकतो. आणि पिंजऱ्याचं म्हणाल तर एक गंमत आहे: अपोलिपोप्रोटीन ए-२ वाल्या उंदरांत हे अमायलॉइड विष्ठेतून पिंजऱ्यातल्या सोबत्यांपर्यंत पोचतं, असं जपानी संशोधकांनीच दाखवलं. म्हणजे औषधवाले सगळे एका पिंजऱ्यात आणि बिनऔषधाचे दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवले असतील, तर पिंजराच निकाल लिहील. उंदीर चिठ्ठ्या टाकून वाटले होते का, ते बघा.

पाचवं, रक्तातलं सीरम अमायलॉइड ए मोजलं का? जीई-१३२ बद्दल जी माहिती आहे ती मुख्यतः प्रतिकारशक्तीवरच्या परिणामाची. उंदरांत ते इंटरफेरॉन गॅमा हे प्रतिकारशक्तीचं निरोप्या प्रथिन वाढवतं असं १९८० च्या दशकातच प्रसिद्ध झालं. समजा अमायलॉइड कमी झालं आणि रक्तातलं मूळ प्रथिनही घटलं. मग औषधाने साचलेलं विरघळवलं नाही, येणारा माल कमी केला. ती काही क्षुल्लक गोष्ट नाही. २००७ मध्ये लंडनच्या अमायलॉइड केंद्रातल्या ३७४ एए रुग्णांचा अभ्यास आला, त्यात हे प्रथिन जितकं खाली तितकी किडनी आणि आयुष्य टिकण्याची शक्यता जास्त दिसली. पण माल कमी करायचे तपासलेले रस्ते आहेत: क्षयरोगाचा कोर्स पुरा करणं, हाडातलं इन्फेक्शन साफ करणं, संधिवाताची औषधं नियमित घेणं. डबी आणणाऱ्या मुलाला मी हेच विचारते, बाबांच्या टीबीच्या गोळ्या मधेच बंद झाल्या होत्या का?

स्लाइडचं पुराण संपलं. यानंतर औषध कुठल्या दिवशी सुरू केलं ते पाहा. बहुतेक प्रयोगांत केसीन आणि औषध पहिल्या दिवसापासून बरोबर दिलेलं असतं. ते रोखणं झालं, बरं करणं नव्हे. आपला माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा पाय सुजलेले असतात, लघवीतून प्रथिन चाललेलं असतं, म्हणजे साठा आधीच बसलेला असतो.

उंदरांवरून माणसाकडे जाणारा रस्ता बंदच असतो असंही नाही. कोल्चिसिन या जुन्या औषधाचं उदाहरण घ्या. इस्रायलच्या संशोधकांनी १९७४ मध्ये दाखवलं की केसीनच्या उंदरांत ते अमायलॉइड रोखतं, आणि भूमध्यसागरी कौटुंबिक ताप नावाच्या आनुवंशिक आजारात ते माणसांनाही अमायलॉइडपासून वाचवतं हे १९८६ पर्यंत पक्कं झालं. उलट एप्रोडिसेट, एए अमायलॉइडसाठीच तपासलेलं औषध: उंदरांत छान, २००७ मध्ये १८३ रुग्णांच्या चाचणीतही आशा दिसली, आणि २०१६ मध्ये खात्रीसाठी केलेल्या मोठ्या चाचणीत ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलं नाही. अल्झायमरची लस उंदरांच्या मेंदूतलं अमायलॉइड साफ करत होती. माणसांत दिल्यावर काहींच्या मेंदूला सूज आली आणि २००२ मध्ये डोस थांबवावे लागले. तेव्हा पीडीएफ हाती आली की पुढे माणसांवर काही झालं का ते शोधा. पबमेड ही वैद्यकीय संशोधनाची इंटरनेटवरची सूची फुकट आहे, त्यात रसायनाचं नाव आणि ‘अमायलॉइड’ इंग्रजीत टाका. भारतातल्या चाचण्यांसाठी सीटीआरआयची नोंदवही आहे. उंदरांच्या कागदाला पुष्कळ वर्षं झाली आणि त्यामागे माणसांवरची एकही चाचणी उभी नाही, तर त्याचाही काही अर्थ असतो.

आता कॅल्क्युलेटर घ्या. उंदराचा डोस वजनाच्या हिशेबाने सरळ माणसाला लावत नाहीत, कारण लहान प्राणी औषध लवकर निकालात काढतो. उंदराच्या दर किलोच्या डोसला १२.३ ने भागतात, प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराच्या, म्हणजे रॅटच्या, डोसला ६.२ ने. उदाहरणासाठी समजा, कागदात उंदराला रोज किलोमागे ३०० मिलिग्रॅम जीई-१३२ दिलं आहे. ३०० भागिले १२.३ म्हणजे साधारण २४.४. बाबांचं वजन ६० किलो, म्हणजे रोज सुमारे १,४६० मिलिग्रॅम, जवळजवळ दीड ग्रॅम. जीई-१३२ च्या वजनात शुद्ध जर्मेनियम ४३ टक्के असतं, म्हणजे रोजचं ०.६३ ग्रॅम.

हा आकडा दोन आकड्यांशेजारी ठेवून बघा. जपानमध्ये प्रोपाजर्मेनियम हिपॅटायटिस बी साठी मान्य झालं ते दिवसाला ३० मिलिग्रॅम. आणि १९९७ मध्ये जर्मेनियमच्या विषबाधेचा जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात दीर्घकाळ जर्मेनियम घेऊन किडनी निकामी झालेल्या, काही वेळा मृत्यू आलेल्या ३१ माणसांच्या नोंदी होत्या. त्यांनी एकूण घेतलेलं जर्मेनियम १५ ग्रॅमपासून ३०० ग्रॅमहून जास्त होतं, दोन ते छत्तीस महिन्यांत. ०.६३ ग्रॅमच्या चालीने १५ ग्रॅम व्हायला २४ दिवस लागतात. त्या सगळ्यांनी जीई-१३२ घेतलं नव्हतं, रूपं निरनिराळी होती, म्हणून हा हिशेब धोक्याची अचूक तारीख सांगत नाही. पण उंदराला जो डोस लागू पडला तो माणसाला द्यायचा तर आपण कुठे जाऊन उभे राहतो, ते त्यातून दिसतं. आणि डबीवर लिहिलेला चिमूटभर डोस घेतला तर उंदरांचा निकाल त्या डोसाचा नव्हताच. दोन्हीकडून पंचाईत.

म्हणून किडनीवर मी सर्वांत जास्त अडते. एए अमायलॉइड सर्वांत जास्त त्रास देतं ते किडनीलाच, आणि जर्मेनियमचा दंशही तिथेच. शरीरातून ते किडनीवाटे बाहेर जातं. किडनी मंदावली की ते रेंगाळणार. जपानी संशोधकांनी रॅटना डायऑक्साइड आणि जीई-१३२ वेगवेगळं देऊन पाहिलं, तेव्हा किडनीच्या नलिका बिघडल्या त्या डायऑक्साइडने. विक्रेते हा निकाल ‘सेंद्रिय म्हणजे सुरक्षित’ म्हणून दाखवतात. त्या आढाव्यातल्या रूपांच्या यादीत सेस्क्विऑक्साइड (म्हणजे जीई-१३२) आणि लॅक्टेट-सायट्रेटही आहेत, ते मात्र दाखवत नाहीत. शिवाय सेंद्रिय म्हणून विकलेल्या पावडरीत डायऑक्साइड राहून गेलेलं नाही, याची हमी लेबल देत नाही. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने, एफडीएने, १९८८ मध्येच जर्मेनियमच्या पूरक पदार्थांच्या आयातीवर इशारा काढला होता. तेव्हा उंदरांच्या कागदात प्लीहेबरोबर किडनीही कापून पाहिली का, रक्तातलं क्रिएटिनिन किंवा युरिया (किडनी मंदावली की रक्तात वाढणारी द्रव्यं) दिलं आहे का, हे बघायलाच हवं. फक्त प्लीहा आणि आनंद, एवढंच असेल तर ज्या अवयवासाठी आपण धडपडतो त्याबद्दल कागद गप्प आहे.

समजा, माझ्याकडे यायच्या आधीच डबी अर्धी झाली आहे. असं होतं, आणि त्यावर कोणी कोणाला ओरडू नये, कारण ओरडलं की बाबा डॉक्टरांपासून लपवतात. पावडर थांबवा आणि नेफ्रॉलॉजिस्टना त्याच आठवड्यात भेटा. लघवीतलं प्रथिन कमी आलं म्हणून हुरळू नका: जर्मेनियमने बिघडलेल्या किडनीत लघवी बहुधा स्वच्छ राहते, प्रथिन नाही, रक्त नाही, आणि क्रिएटिनिन मात्र चढत जातं. अमायलॉइडच्या रुग्णाला लघवीच्या रिपोर्टची इतकी सवय झालेली असते की नेमकं हेच नजरेतून सुटतं. क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) करून घ्या, पावडर सुरू करण्याआधीचे रिपोर्टही शेजारी ठेवा. हिमोग्लोबिन, अंगातला अशक्तपणा, पायांच्या मुंग्या यांबद्दलही सांगा, त्या आढाव्यात ही लक्षणंही नोंदली आहेत. पावडर थांबवल्यावर किडनी लगेच सावरते असं नाही. सुधारणा सावकाश आणि अपुरी होते, त्यामुळे एका चांगल्या रिपोर्टवर तपासण्या बंद करू नका.

ओपीडीत जाताना डबी बरोबर न्या, पावडरीसकट. जपानी लेबलचे सगळ्या बाजूंनी स्पष्ट फोटो काढा, कुठल्या तारखेपासून रोज किती चमचे घेतली ते एका कागदावर लिहा. रक्तातलं किंवा पावडरीतलं जर्मेनियम मोजायला आयसीपी-एमएस नावाचं यंत्र लागतं, ते आपल्या कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये नसतं. डॉक्टरांना नमुना बाहेर पाठवायचा झाला तर उरलेली पावडर लागेल, म्हणून ती सिंकमध्ये ओतू नका. झाकण घट्ट लावून, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवा.